साउना झाली का?

समजा, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मैत्रिणीच्या अंगणात मातीचा किल्ला बांधून दिलात. दगड तुमचे, माती तुमची, चार दिवस चिखलात रुतलेले गुडघेही तुमचेच. ठरलं असं होतं, की किल्ला झाला की ती पाच लाडू देणार. किल्ला झाला. लाडू काही येईनात. आता काय कराल? पतंग असता तर उचलून घरी आणला असता. पण किल्ला कसा उचलणार? तो तर तिच्या अंगणाला चिकटून बसलाय. विचार करा, घाई नाही.

कुणीतरी नक्की म्हणणार, लाथ मारून पाडू. पाडा की. पण किल्ला पाडल्याने लाडू मिळत नाहीत, चिखल मिळतो, आणि तोसुद्धा मैत्रिणीच्याच अंगणात.

मोठ्या माणसांनी यावर एक युक्ती काढली आहे. तिला म्हणतात बोजा. बांधणाऱ्याचे पैसे अडकले तर त्याने जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत जायचं आणि त्या जमिनीच्या नावापुढे लिहून घ्यायचं, 'इथल्या किल्ल्याचे पाच लाडू देणं बाकी.' मग ते अंगण कुणी विकत घ्यायला आलं, की आधी विचारतं, "लाडवांचं काय ते मिटवा, मग बोलू." बसल्या जागी लाडू येतात.

युक्ती फक्कड आहे. फक्त ती कुणी वापरावी, हा प्रश्न आहे. रेइनो केम्पायनेनने ती वापरायला घेतली आणि एका उन्हाळ्यात स्वतःचे अकराशे डॉलर घालवून बसला.

रेइनो सुतार होता. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावरच्या ज्या गावात तो राहायचा, तिथे निम्मी घरं त्याच्यासारख्या फिनिश, म्हणजे मूळच्या फिनलंडच्या लोकांची, आणि प्रत्येक घरामागे एक साउना. साउना म्हणजे लाकडाची छोटी खोली. आत भट्टीवर तापलेले दगड. त्यांवर पाणी टाकायचं, वाफ उसळली की फळीवर बसून घाम काढायचा, आणि जीव अगदी नकोसा झाला की पळत जाऊन सरोवरात उडी मारायची. तिथले लोक हे आनंदासाठी करतात.

आर्मस सालो हा रेइनोचा शाळासोबती. तीस वर्षं टपाल कचेरीत काढून आता निवृत्त झालेला. त्याने रेइनोला साउना बांधायला सांगितली. करार झाला तो बेकरीच्या कागदी पिशवीवर. 'साउना, आठ बाय बारा. आठ हजार डॉलर. दोन हजार आधी. सहा हजार काम पूर्ण झाल्यावर.' आर्मसने 'काम पूर्ण झाल्यावर' या शब्दांखाली पट्टी लावून दोन रेघा ओढल्या. टपालात तीस वर्षं काढलेला माणूस हवेतसुद्धा सरळ रेघ मारतो.

बावीस जूनला साउना उभी राहिली. त्याच संध्याकाळी दोघे वरच्या फळीवर पहिल्या वाफेला बसले. आर्मसने घाम पुसला आणि विचारलं,

"मग? झाली का साउना?"

आता इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. रेइनोच्या लोकांत आपल्या कामाला आपण चांगलं म्हणणं म्हणजे चारचौघांत नाक शिंकरण्यासारखं. करायचंच असेल तर कोपऱ्यात जाऊन, हळूच. रेइनो तर या बाबतीत संतच होता. त्याच्या लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं होतं, "या मुलीचा तू पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?" तेव्हा तो म्हणाला होता, "तशी काही हरकत नाही." त्याची बायको हेल्मी हे वाक्य त्याला अजून दर वर्षी, लग्नाच्या वाढदिवशी, केक कापायच्या आधी ऐकवायची.

तर आर्मसने विचारलं, झाली का. रेइनोने खोलीभर नजर फिरवली. एकही फट नाही. एकही खिळा वर आलेला नाही. सगळा सरोवरकाठ पालथा घातला असता तरी अशी साउना सापडली नसती. तो म्हणाला,

"तशी बरी आहे. दार जरा कुरकुरतंय."

"असं होय," आर्मस म्हणाला. "मग करून घे निवांत. मला घाई नाही."

जुलैत रेइनोने बिजागऱ्यांना तेल घातलं. आर्मसने विचारलं, झाली का? "तशी बरी आहे. खिडकीची चौकट केसभर डावीकडे गेलीय." चौकट सरळ केली. झाली का? "ठीक आहे म्हणायचं. कडी जरा ढिली वाटते." दर वेळी वाफ घेऊन झाली की आर्मसची बायको इर्मा कॉफी आणि वेलचीचा गोड पाव समोर ठेवायची. ज्याच्या घरचा पाव तोंडात आहे त्याच्याकडे पैसे मागायचे नसतात. पाव गिळून झाल्यावर मागितले असते, पण इर्मा लगेच दुसरा तुकडा वाढायची.

इकडे रेइनोच्या स्वतःच्या घराचं छप्पर गळत होतं. माळ्यावरच्या खोलीत त्याची आठ वर्षांची नात ऐली झोपायची. ती आजी-आजोबांकडेच राहायला होती. तिच्या पलंगाशेजारी एक बादली ठेवलेली असे. पाऊस आला की ऐली थेंब मोजत झोपी जायची आणि सकाळी आकडा सांगायची. तिची गणितं त्या वर्षी फार सुधारली. पण पावसाचं एक असतं, तो पडतो आणि वाहून जातो. बर्फ तिथे छपरावर बसतो आणि उठत नाही. रेइनोने छपरासाठी हिरवे पत्रे पसंत केले होते, चोपन्नशे डॉलरचे. दुकानदार म्हणाला होता, "तीस सप्टेंबरपर्यंत राखून ठेवतो. पुढे दुसरं गिऱ्हाईक उभं आहे."

"तुला तोंड आहे ना?" हेल्मी म्हणाली. "मग सरळ माग की."

"मागायचं काय त्यात? माणसाने आपणहून द्यायचं असतं."

"आणि नाही दिलं तर?"

"तर तो तसला माणूस आहे, एवढं कळतं."

"वा! म्हणजे बर्फ आत आला की आपण सगळे मिळून म्हणायचं, आर्मस तसला माणूस आहे."

कुंपणापलीकडून शेजारचा बर्ट ट्रेवेना हे ऐकत होता. बर्टला कायद्याची माहिती भरपूर होती, कारण तो तीन खटले हरला होता. त्याने हातातली पेस्टी, म्हणजे तिकडची मांस-बटाट्याची भलीमोठी करंजी, कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि बोट वर केलं.

"बोजा चढव, रेइनो. त्याच्या जमिनीवर बोजा. एक कागद भरायचा की काम फत्ते."

अशा तऱ्हेने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रेइनो आपला एकुलता एक चांगला शर्ट घालून नोंदणी कचेरीत गेला. खिडकीत डुप्वीबाई बसल्या होत्या. त्यांनी कागद घेतला, वाचला नाही, फक्त त्याच्या डोक्यावर पट्टी ठेवली.

"वर अडीच इंच कोरी जागा सोडावी लागते."

"सोडलीय."

"कमी आहे."

रेइनोच्या मागे रांगेत चार माणसं होती. चौघांच्याही घरी त्याने काही ना काही बांधलं होतं. त्याने कमरेचा टेप काढला आणि मोजलं. दोन इंच आणि सात-सोळांश. पुन्हा मोजलं. उजेडाकडे धरून मोजलं. कागद आपला तेवढाच राहिला.

"एक सोळांशाचा प्रश्न आहे, बाई."

"मला ठाऊक आहे. तुम्हीच आमच्या बाहेरच्या जिन्याची, दुसऱ्या सुताराने बसवलेली पायरी एक सोळांशाने उंच होती म्हणून काढून पुन्हा बसवली होती ना?"

रेइनो घरी आला आणि जेवला नाही. हेल्मीने विचारलं, "नाकारला का कागद?" तो भिंतीकडे बघून म्हणाला, "एक सोळांश." रात्री झोपेतही एकदा म्हणाला. चाळीस वर्षांत त्याचं माप चुकलं नव्हतं आणि चुकलं ते नेमकं कोऱ्या जागेचं, जिथे करायचं म्हणून काही नव्हतंच.

दुसऱ्या खेपेला कोरी जागा बरोबर अडीच इंच भरली. डुप्वीबाई म्हणाल्या, "आता जमिनीचं वर्णन."

"आर्मस सालोचं घर. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना आहे हो. कागदाला नाही. चतुःसीमा लिहा. खुंटीपासून कुठल्या दिशेला किती फूट, तिथून किती, सगळं."

त्यांनी जुन्या वहीतून नक्कल काढून दिली. पण सुताराने दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवायचा? आणि तोही नुकताच एक सोळांशाने भाजलेला सुतार? रेइनो टेप घेऊन आर्मसच्या जमिनीच्या कोपऱ्यात शिरला आणि झुडपात गुडघ्यांवर बसून हद्दीची लोखंडी खुंटी शोधू लागला. अर्ध्या तासाने डोक्यावर सावली पडली. आर्मस कॉफीचे दोन पेले घेऊन उभा होता.

"खुंटी होय? ती तिकडे, तुतीच्या मागे. चल, मी दुसरं टोक धरतो."

आणि बाळांनो, ज्याच्या जमिनीवर बोजा चढवायचा, त्यानेच टेपचं टोक धरून सगळी जमीन मोजून दिली. शेवटी विचारलंसुद्धा, "नीट ताणलाय ना? हवं तर पुन्हा धरतो." बोजा अजून आर्मसच्या जमिनीवर चढला नव्हता, पण रेइनोच्या मनावर मात्र पुरता चढला.

त्या संध्याकाळी बर्टने अर्जाची मागची बाजू वाचली. मागची बाजू कुणी वाचत नाही, म्हणून महत्त्वाचं सगळं तिथेच छापतात.

"अरे रेइनो! शेवटच्या कामापासून नव्वद दिवसांत नोंद व्हायला हवी. साउना बावीस जूनची. म्हणजे वीस सप्टेंबरला खेळ खलास!"

"पण मी नंतर दार दुरुस्त केलं. कडी बसवली."

"दुरुस्ती धरत नाहीत. लिहिलंय बघ. नवं काम हवं. तू असं कर, तिथे काहीतरी नवीन बांध. त्या दिवसापासून नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून!"

हा सल्ला ऐकून रेइनोच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच उजेड पडला. पैसे मागण्यापेक्षा काहीतरी बांधणं त्याला केव्हाही सोपं वाटायचं. त्याने साउनेपुढे ओसरी काढली, तिच्यावर बाक बसवला. आर्मस खूश झाला.

"बघ इर्मा, मी म्हणत होतो ना, याचं काम अजून संपलेलं नाही!"

आता लक्ष द्या, इथे गंमत आहे. करार सांगत होता, काम संपलं की पैसे. कायदा सांगत होता, हक्क जिवंत ठेवायचा तर काम चालू ठेव. म्हणजे रेइनो पैसे मिळावेत म्हणून जेवढं काम करी, तेवढे पैसे लांब जात. कुत्रं स्वतःची शेपूट धरायला फिरतं तेव्हा त्याला वाटतं शेपूटच पळतेय.

ओसरीला पायऱ्या आल्या. पायऱ्यांना कठडा आला. कठडा थेट पाण्यापर्यंत पोचल्यावर तिथून पुढे लाकडी धक्का काढणं भागच होतं, नाहीतर कठडा वेड्यासारखा दिसला असता. लाकूड रेइनोचं, खिळे रेइनोचे. बर्ट रोज येऊन तारखा मोजायचा आणि म्हणायचा, "आता डिसेंबरपर्यंत काळजी नाही!"

हेल्मीने एके दिवशी स्वयंपाकघराच्या टेबलावर बिलं पसरली.

"अकराशे डॉलर. सहा हजार वसूल करायला निघाला होतास ना? असाच वसूल करत राहिलास, तर नाताळपर्यंत आर्मसचा राजवाडा होईल आणि आपण त्याच्या साउनेत भाड्याने राहू."

"पण नव्वद दिवस पुढे गेले, हेल्मी."

"नव्वद दिवस ढकलता येतात. बर्फाला ढकलून बघ."

वर माळ्यावर ऐली 'एकशे बारा, एकशे तेरा' म्हणत होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी तो तिसऱ्यांदा कचेरीत गेला. पत्र्यांची मुदत संपायला चार दिवस उरले होते. शाळा सुटल्यावर ऐलीही बरोबर आली. डुप्वीबाईंनी पट्टी ठेवली. अडीच इंच. चतुःसीमा वाचल्या. बरोबर. त्यांनी शपथेचा शिक्का शाईत बुडवला, हात उंच धरला, आणि थांबल्या.

"इथे तारीख राहिली. काम पूर्ण कधी केलंत?"

"पूर्ण म्हणजे..." रेइनो म्हणाला.

"म्हणजे पूर्ण. शपथेवर सांगायचं आहे."

रेइनोने डावा हात वर केला, चूक कळली, उजवा केला. रांगेतली माणसं पुढे झुकली. धक्क्याची शेवटची फळी मंगळवारी बसली होती. सगळं कसं देखणं झालं होतं! पण हात वर करून, शपथेवर, चार लोकांसमोर म्हणायचं की माझं काम पूर्ण झालं? त्याचे कान लाल झाले.

"तशी मंगळवारी बरीचशी... पण तिसऱ्या फळीचा कोपरा अजून जरा रंधा मारून..."

डुप्वीबाईंनी हात हळूहळू खाली आणला आणि शिक्का जागेवर ठेवला. "मिस्टर केम्पायनेन," त्या अगदी मऊपणे म्हणाल्या, "कोपऱ्यावर रंधा मारा आणि मग या."

परत येताना गाडीत ऐलीने विचारलं,

"आजोबा, साउना झालीय की नाही झाली?"

"झाली म्हणजे, तशी..."

"हो की नाही?"

"हे आपण म्हणायचं नसतं, ऐली. लोकांनी म्हणायचं असतं."

"पण आर्मसआजोबा तर दर वेळी तुम्हालाच विचारतात. ते लोक नाहीत का?"

रेइनोने उगीचच काचेवरचे वायपर सुरू केले. पाऊस नव्हता.

"आणि तुम्ही दर वेळी नाही म्हणता," ऐली म्हणाली. "मग ते पैसे कसे देतील?"

वायपर कोरड्या काचेवर चिरकत राहिले. जे बर्टच्या तीन खटल्यांत सापडलं नव्हतं आणि अर्जाच्या मागच्या बाजूलाही छापलेलं नव्हतं, ते त्या गाडीत पहिल्यांदा बोललं गेलं. रेइनोला ते पटलंही. पण पटणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं. घरी पोचेपर्यंत त्याने मनातल्या मनात अकरा वेळा 'झाली' म्हणून पाहिलं. अकराही वेळा पुढे 'तशी' आलंच.

शनिवारी दुपारी आर्मसने सगळ्यांनाच बोलावलं. नव्या धक्क्यावरून उड्या मारायच्या होत्या, म्हणून झाडून सारे पोहण्याच्या कपड्यांत साउनेत शिरले. वरच्या फळीवर आर्मस, इर्मा आणि हेल्मी. मधल्या फळीवर रेइनो, अंग चोरून, परीक्षेला बसल्यासारखा. खाली, भट्टीजवळ, पाण्याची बादली आणि लांब दांड्याची लाकडी पळी. तिथे ऐली. दगडांवर पाणी टाकायचं काम लहानांना आवडतं, म्हणून मोठे त्यांना ते देतात, आणि थोडंथोडं टाक म्हणून सांगतात.

दगड चरचरले. लाकडाचा वास सुटला. आर्मसने समाधानाने डोळे मिटले आणि विचारलं,

"मग रेइनो? झाली का साउना?"

रेइनोने तोंड उघडलं.

"तशी..."

ऐलीने पळी काठोकाठ भरून दगडांवर ओतली.

वाफ अशी उसळली, की इर्मा "आई गं!" म्हणून किंचाळली. गरम ढग रेइनोच्या तोंडावर आदळला आणि पुढचा शब्द घशातच शिजला. चेहरा वाचवायला त्याने मान खाली घातली, थेट गुडघ्यांपर्यंत.

आर्मसने एक डोळा उघडला. "काय? हो म्हणालास?"

रेइनोने सांगायला मान वर केली. ऐलीने दुसरी पळी ओतली. मान पुन्हा खाली.

"दोनदा हो म्हणाला!" आर्मस ताडकन उठला. "इर्मा, पाहिलंस ना? पूर्ण झाली म्हणतोय! रेइनो केम्पायनेन स्वतः म्हणतोय!" आणि तो तसाच, वाफाळत, अनवाणी घराकडे धावला.

सगळे धडपडत ओसरीवर आले. रेइनो उकडलेल्या बटाट्यासारखा लाल होऊन बाकावर बसला होता. इर्माने थंड व्हायला म्हणून बादली गार पाण्याने भरून पळीसकट बाहेर आणून ठेवली. तेवढ्यात आर्मस परतला. त्याच्या हातात चेक होता. सहा हजार डॉलर. सही जूनमधलीच, शाईसुद्धा फिकट झालेली. फक्त तारखेची जागा कोरी.

"तीन महिने घड्याळाखाली ठेवलाय," तो तारीख घालत म्हणाला. "मला वाटायला लागलं होतं, मी मरेपर्यंत हा माझी साउना बांधतच राहणार. इर्माला म्हटलं, मधेच पैसे पुढे केले तर याला वाटेल काम थांबव म्हणतोय. अपमान व्हायचा त्याचा."

हेल्मीने चेक घेतला आणि रेइनोकडे असं पाहिलं, की त्याला पुन्हा वाफ लागली.

"आणि हे बघ," आर्मस पुढे म्हणाला, "ही ओसरी, पायऱ्या, कठडा, धक्का, हे करारात नव्हतं. त्याचे किती झाले?"

रेइनोने हात झटकला. त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं, नम्र, घर बुडवणारं हसू उमटलं.

"छे, त्याचं काय एवढं! ते आपलं असंच..."

ऐलीने पळी बादलीत बुडवली, सरोवराच्या गार पाण्याने काठोकाठ भरली, बाकावर चढून आजोबांच्या टकलावर नेमकी धरली आणि विचारलं, "किती म्हणालात, आजोबा?"